बोट दाखवण्याचा धंदा

आळशी माणूस निदान झोपतो तरी. आलिंग इपांगचा, म्हणजे इपांगमावशीचा, जावई झोपतही नसे. सकाळी सहाला उठायचा, केस पाण्यानं बसवायचा, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि तिच्या खाणावळीतल्या पंख्याखालच्या टेबलाशी येऊन मोबाइलवर काम शोधायचा. बारापर्यंत शोधायचा, मग जेवायचा, मग पुन्हा शोधायचा. असे सात महिने झाले होते. आलिंग इपांगचं म्हणणं असं, की सात महिने कोणी विहीर शोधत फिरला असता, तर एव्हाना चुकून का होईना, तिच्यात पडला असता.

जावयाचं नाव दिंदो. रोजगार कचेरीनं त्याला एका संकेतस्थळाचा पत्ता दिला होता. तिथे जगातली सगळी कामं एका यादीत मांडलेली होती, नऊशेच्या वर. प्रत्येक कामाला सहा आकड्यांचा एक क्रमांक, आणि क्रमांकापुढे ते काम करणाऱ्याला काय यायला हवं, किती शिकलेलं हवं, दिवसात किती वेळ उभं राहावं लागतं, वास सोसावा लागतो की आवाज, हे सगळं बारकाईनं लिहिलेलं. दिंदो रोज एक काम उघडायचा आणि न्याहारीला सासूला वाचून दाखवायचा. तिला तो इनाय, म्हणजे आई म्हणे.

"इनाय, दीपगृहाचा राखणदार. समुद्रकिनारी राहायला घर मिळतं."

"मग जा."

"पण लिहिलंय, एकटेपणा सोसता आला पाहिजे. मला एकट्याला जेवण जात नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी तो जमीन मोजणारा व्हायला निघाला. तिथे अक्षांश-रेखांश आडवे आले. तिसऱ्या दिवशी केक करणारा. तिथे पहाटे तीनला उठावं लागत होतं. बुधवारी त्याला शवागारातल्या मदतनीसाचं काम जवळजवळ पसंत पडलं होतं, कारण गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण शेवटच्या ओळीत 'नातेवाइकांशी सौम्यपणे बोलणे' आलं, आणि दिंदोनं मान हलवली.

"ते तुला जमेल की," इपांग म्हणाली. "माझ्याशी सात महिने सौम्यच बोलतोयस."

खरं सांगायचं तर दिंदोला एक काम उत्तम येत होतं. खाणावळीशेजारीच जीपनीचा, म्हणजे प्रवासी जीपगाड्यांचा अड्डा. तिथे तो अकरा वर्षं बार्कर होता, म्हणजे ओरडून ओरडून प्रवासी गोळा करणारा. त्याची हाक ऐकून माणसं अर्धं जेवण टाकून जीपनीत जाऊन बसत. मग चालकांच्या संघटनेनं एक कर्णा विकत घेतला. एका दुपारी दिंदोला बोलावलं, शीतपेय पाजलं, त्याच्याकडून सगळ्या गावांची नावं ओरडून घेतली, ती यंत्रात भरली आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्राला कामावर ठेवलं. तेव्हापासून वर कर्ण्यातला दिंदो दिवसभर ओरडे, "लिपा, लिपा, लिपा! दोघांची जागा, बसा लगेच!" आणि खाली खाणावळीतला दिंदो त्याच वेळी तिसऱ्यांदा भात मागे.

यादीत त्यानं पहिल्याच दिवशी 'बार्कर' शोधून पाहिला होता. यादी इंग्रजी वळणाची. तिला बार्कर म्हणजे भुंकणारा वाटला, आणि तिनं त्याला अदबीनं विचारलं, की आपल्याला कुत्र्यांचा शिक्षक व्हायचंय का. दिंदोनं त्या दिवशी दुपारी जेवण घेतलं नाही. इपांगच्या आठवणीत तसा तो एकच दिवस.

तर हे असं चाललेलं असताना पालिकेची नोटीस आली. जुनी मंडई पाडायची. समोर तीन मजली नवी उभी होतीच. शुक्रवारपर्यंत ज्यांचे अर्ज मंजूर होतील त्यांना जागा, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यावं. इपांगची खाणावळ एकतीस वर्षं मंडईच्या फाटकाशी होती. तिच्या अडोबोचा, म्हणजे हळद-व्हिनेगरात शिजवलेल्या मांसाचा वास सकाळी नऊला निघे आणि सव्वानऊला अड्ड्यावर पोचे. पुढचं काम वास करी. तळमजल्यावर, फाटकाशी जागा नसली तर ती खाणावळ नव्हे, ते चर्च झालं. तिथे लोक लग्नाला आणि मयतालाच येणार. म्हणून तिला फाटकाचीच जागा हवी होती, आणि ती हवी म्हणजे हवीच होती.

अर्जात चौथा रकाना होता: व्यवसायाचा क्रमांक. तोच सहा आकड्यांचा, त्याच यादीतला.

आलिंग इपांग तिसरी इयत्ता शिकली होती, तीही अर्धी. शाळेची घंटा आणि तांदळाच्या गरम वड्या विकायची वेळ एकच होती, आणि घरात वड्या विकल्याशिवाय चूल पेटत नसे. तिला सही येत होती. ती सही ती चित्र काढल्यासारखी काढी. त्यापुढचे कागद तिनं आयुष्यभर दुसऱ्यांकडून वाचून घेतले होते आणि वाचणाऱ्याचं तोंड बघून खरंखोटं ओळखलं होतं.

"इनाय, हे माझ्यावर सोडा," दिंदो म्हणाला. सात महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच तेज आलं होतं. "या यादीतलं माझ्याएवढं या गावात कोणाला कळत नाही."

हे खरं होतं. तिनं सोडलं.

आधी त्यानं 'आचारी' काढला. त्याला बारावीचं प्रमाणपत्र हवं होतं आणि वरिष्ठ आचाऱ्याच्या हाताखाली दोन वर्षं.

"माझा वरिष्ठ मेला," इपांग म्हणाली. "माझी आई होती ती. प्रमाणपत्र म्हणून गालावर बोटं उठवायची."

मग 'उपाहारगृहाचा चालक'. त्याला व्यापाराची पदवी. 'खाद्यपदार्थ विक्रेता' ठीक होता, पण त्याची जागा नव्या मंडईत मागच्या बाजूला, सुक्या मासळीच्या पलीकडे. दिंदो विचारात पडला. मग म्हणाला, की यादीत साठ प्रश्नांची एक चाचणी आहे. उत्तरं दिली की माणूस कुठल्या कामासाठी जन्मला ते यादीच सांगते.

"मी कशासाठी जन्मले ते मला माहीत आहे," इपांग लसूण ठेचत म्हणाली. "पण विचार."

"अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं?"

"माझ्याकडे दोनदा जेवला की तो अनोळखी राहत नाही."

"दुसऱ्यांच्या चुका दाखवायला आवडतं?"

"आवडत नाही. दाखवाव्या लागतात."

"अवजड वस्तू उचलण्याची सवय आहे?"

"सात महिन्यांपासून एक उचलतेय."

दिंदोनं 'हो' वर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न वाचला. साठ प्रश्न संपायला रविवारची सगळी दुपार गेली. यादीनं क्षणभर विचार केला आणि तीन कामं सुचवली: तुरुंगाधिकारी, जहाजाचा कप्तान, न्यायाधीश.

इपांगनं ठेचणं थांबवलं. "न्यायाधीशाला काय लागतं?"

"कायद्याची पदवी."

"आणि?"

"संयम."

"मग राहू दे."

सोमवारी सकाळी अर्ज द्यायचा होता. रांग मोठी असणार म्हणून ती एप्रनला हात पुसून दाराशी उभी, आणि दिंदो अजून वाचतोय. तेवढ्यात त्याला पानाच्या कोपऱ्यात एक नवी सोय दिसली: 'आपल्या भाषेत शोधा'. त्यानं टाइप केलं, 'तुरो-तुरो'. अशा खाणावळीला आमच्याकडे तुरो-तुरोच म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणं. काचेमागे पातेली मांडलेली असतात. गिऱ्हाईक बोट दाखवतं, हे द्या, ते द्या, की वाढायचं. यादीनं लगेच एक क्रमांक पुढे केला. खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं होतं. दिंदोनं चष्मा शोधायला खिशात हात घातला.

"वाचन पुरे!" इपांग ओरडली. "आकडा लिही!"

जो माणूस सात महिने एकेक अक्षर वाचत होता, त्यानं त्या एका दिवशी वाचलं नाही. आणि ते का वाचलं नाही, हे इपांगनं पुढे कोणालाच सांगितलं नाही.

मंगळवारीच मंजुरीचा कागद आला. पालिकेचा कागद एका दिवसात आला यावरूनच तिनं ओळखायला हवं होतं, की काहीतरी चुकलंय. पण त्यावर तिचं आडनावासकट पूर्ण नाव होतं, सोनेरी शिक्का होता. तिनं तो प्लास्टिकमध्ये घालून बाळ येशूच्या मूर्तीशेजारी टांगला आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडे बघायला लावलं. बुलालोच्या रश्शातलं हाड चोखत बसलेल्या मांग कादियोनं, म्हणजे सगळे ज्याला मांग, काका म्हणत त्या अड्ड्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या चालकानं, तो मोठ्यानं वाचला.

"मकातंगाय, एपिफानिया. व्यवसाय: प्रशिक्षक." त्यानं हाड खाली ठेवलं. "इपांग, तू मास्तरीण कधी झालीस?"

"मी काय झाले?"

"मास्तरीण. शिकवणारी. आणि जागा, थांब, जागा क्रमांक एकोणचाळीस, तिसरा मजला. नोटरी आणि झेरॉक्सवाल्याच्या मधे." त्यानं डोळे बारीक केले. "'पाणी व गॅस यांची सोय नाही.'"

नेमका तेव्हाच वर कर्ण्यातला दिंदो ओरडला. "दोघांची जागा, बसा लगेच!"

तुरो म्हणजे बोट दाखवणं, हे खरं. पण तागालोगमध्ये तुरो म्हणजे शिकवणंही. हे दोन अर्थ आमच्याकडे कित्येक पिढ्या एकाच घरात नांदतायत. कोणाचा कोणाला त्रास नाही. यंत्राला मात्र एकालाच आत घेता येत होतं, आणि त्यानं शिकलेल्याला घेतलं.

इपांगनं पायातली चप्पल काढली. दिंदो टेबलाच्या पलीकडे गेला.

"इनाय, तुम्हीच म्हणालात आकडा लिही..."

"मी आकडा म्हणाले! तिसरा मजला म्हणाले का?"

"अला ए!" मांग कादियो हाड पुन्हा उचलत म्हणाला. "मास्तरणीनं चप्पल फेकली तर शाळा बंद होते."

बुधवारी ती दिंदोला घेऊन पालिकेत गेली. खिडकीमागे मिस आराबेला नावाची एक तरुण मुलगी होती. नखं गुलाबी, आवाज गोड.

"लोला, दुरुस्ती करता येते," मुलगी आजीला म्हणावं तसं म्हणाली. "हा अर्ज मागे घ्यायचा, नवा द्यायचा."

"दे नवा."

"नव्याला रांगेत शेवटचा नंबर. तुमच्यापुढे चौऱ्याऐंशी आहेत. शुक्रवारपर्यंत होणार नाही."

"पोरी, मी खाणावळवाली आहे. तू माझ्याकडे जेवलीयस. गुरुवारी, तुलिंगान मासा, रस्सा जास्त."

"जेवलेय, लोला." मुलगी खरंच ओशाळली. "पण यंत्रात तुम्ही प्रशिक्षक आहात. यंत्रात जे असतं तेच इथे चालतं. आणि एक सांगू का? प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव रोजगार कचेरीच्या यादीतही आपोआप गेलंय. शुक्रवारी तपासणीला सर येतील. वर्ग भरला नसेल तर मंजुरीच रद्द."

"कसला वर्ग?"

"ते मला नाही माहीत. मी फक्त खिडकी आहे."

परतीच्या वाटेवर इपांगनं चप्पलसुद्धा काढली नाही. दिंदोला चपलेपेक्षा ते जड गेलं. संध्याकाळी भांडी घासताना त्याचा मोबाइल वाजला. त्यानं संदेश वाचला, एकदा सासूकडे बघितलं आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. सात महिन्यांत तो मोबाइल कधी पालथा झाला नव्हता. इपांगनं ते पाहिलं. पण तिच्या डोक्यात तिसरा मजला होता.

गुरुवारी सकाळी साडेदहाला, पातेली काचेमागे लागत असतानाच, पाच माणसं वह्या घेऊन फाटकाशी उभी राहिली. पुढे एक दाराएवढा धिप्पाड माणूस होता. बँकेचा जुना पहारेकरी. त्याचं नाव आर्नेल.

"मकातंगाय माम इथेच असतात?"

इपांगनं मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"आम्हाला रोजगार कचेरीतून संदेश आला," आर्नेलनं सांगितलं. "प्रशिक्षण आहे म्हणून." त्यानं खाली वाकून तिचा हात हातात घेतला आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडावं तसा आपल्या कपाळाला लावला. मागच्या चौघांनीही लावला. त्यांच्यात सोलेदाद नावाची एक विधवा होती; तिनं वही उघडून तारीखसुद्धा घातली.

"कशाचं प्रशिक्षण?" दिंदोनं टेबलावरून हळूच विचारलं.

"ते माम सांगतील ना," सोलेदाद म्हणाली.

माम. अर्धी तिसरी शिकलेल्या बाईला आयुष्यात कोणी माम म्हटलं नव्हतं. ज्या बाईंना ती स्वतः माम म्हणायची, त्यांनी तिला वड्यांच्या पाटीसकट वर्गाबाहेर उभं केलं होतं. इपांगनं पाची जणांकडे बघितलं. मग काचेमागच्या पातेल्यांकडे. मग घड्याळाकडे. दोन जीपन्या लागल्या होत्या, गर्दी अर्ध्या तासावर आली होती आणि लसूण सोलायचा होता.

"वह्या मिटा," ती म्हणाली. "नाकं उघडा. हात धुवा. तू, दरवाजा, इकडे ये."

आर्नेल आला.

त्या दुपारी खाणावळीत जे झालं त्याला इपांग गर्दी म्हणत होती आणि ती पाच माणसं वर्ग. तिनं कोणाला काही समजावून सांगितलं नाही. तिनं बोट दाखवलं. हे चिर, ते उतरव, ते नको. मासा पाठीवरून चेपायचा, पोटावरून नाही. पोट तुझंही कोणी चेपलं तर कळेल. हळद डोळ्यांनी मोजायची. आणि व्हिनेगर घातलं, की उकळी येईपर्यंत पळी लावायची नाही, म्हणजे नाहीच. लावलीस तर ते कच्चं राहतं आणि आयुष्यभर कच्चं राहतं. सोलेदादनं तेवढं चोरून मनगटावर लिहून घेतलं. तीन वाजता पाचही जण घामानं निथळत होते, पण पातेली चाटूनपुसून रिकामी होती, आणि उद्या किती वाजता यायचं हे त्यांनीच विचारलं.

दिंदो दिवसभर पंख्याखाली होता. मधून मधून तो मान वर करून त्या पाच जणांकडे बघे आणि पुन्हा मोबाइलात शिरे. मोबाइल बंद होता.

शुक्रवारी अकराला तपासनीस आले: सर बेल्ट्रान. बारीक, सरळ, हातात पाटीएवढा टॅब. त्यावर तीच यादी उघडलेली होती. प्रशिक्षकाला काय काय यायला हवं त्याच्या एकवीस ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायला एक चौकट. ते कोपऱ्यात उभे राहिले. बसा म्हटलं तर नको म्हणाले, जेवा म्हटलं तर नियमात नाही म्हणाले.

"'स्पष्ट व ऐकू येईल असे बोलतात'," त्यांनी पहिली ओळ वाचली.

"सोलेदाद, तो भात आहे, बाळ नाही! थोपटू नकोस!" इपांग ओरडली. अड्ड्यावरच्या दोन चालकांनी मान वळवून बघितलं. खूण झाली.

"'चुका वेळीच दुरुस्त करतात'."

त्याच क्षणी आर्नेलनं अडोबोत पळी घातली. व्हिनेगर नुकतंच पडलेलं. ओलं फडकं हवेतून गेलं आणि त्याच्या मनगटाला बसलं. आर्नेलनं पळी काढली आणि माफी मागितली, पातेल्याचीसुद्धा. सरांनी खूण केली आणि अर्धं पाऊल मागे सरले.

"'सर्व प्रशिक्षणार्थींकडे समान लक्ष देतात'."

"समान कशाला?" इपांग त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "ज्याला येतंय त्याच्याकडे बघून मी काय करू?"

सरांचं बोट अधांतरी राहिलं. अर्ध्या खुणेची सोय टॅबमध्ये नव्हती. त्यांनी श्वास घेतला आणि पूर्ण खूण केली. असं करत करत अठरा ओळी झाल्या. अडोबोला उकळी आली होती, वास अड्ड्याकडे निघाला होता, आणि सरांनी दोनदा आवंढा गिळलेला मांग कादियोनं पाहिला होता.

"माम, या वर्गाला पाणी, गॅस आणि मोरी लागते," सर म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर कसा भरवणार?"

"तेच मी तुमच्या खिडकीला विचारत होते."

"विषय: स्वयंपाक," त्यांनी लिहिलं. "म्हणजे तळमजला. पाण्याची जोडणी फक्त फाटकाकडच्या दोन गाळ्यांत आहे. ती जागा द्यावी लागेल." इपांगनं पातेल्याची कड धरली. "आता शेवटच्या तीन ओळी. शिक्षण?"

"तिसरी."

"तिसऱ्या वर्षापर्यंत? कुठल्या महाविद्यालयात?"

"तिसरी इयत्ता. अर्धी."

लसूण सोलणारे हात थांबले. सरांनी टॅबकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "माम, इथे पदवी लिहिलीय," ते हळू म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण चौकट रिकामी होती आणि रिकामी चौकट त्यांना कधी पुढे जाऊ देत नसे. इपांगनं पातेल्याची कड सोडली.

"सर, तेच पान, खाली," पंख्याखालून आवाज आला. दिंदो उभा राहिला होता. "'आणखी वाचा' वर दाबा. तिथे टीप आहे, चौथी. 'हस्तकौशल्याच्या विषयांत पदवीऐवजी सलग दहा वर्षांचा अनुभव ग्राह्य.' ती टीप कोणी वाचत नाही. सोनाराला, सुताराला, शिंप्यालाही तीच आहे. मी सगळ्या वाचल्यात."

सरांनी दाबलं. वाचलं. "अनुभव?"

"एकतीस वर्षं," आर्नेल, सोलेदाद आणि मांग कादियो एकदम म्हणाले. मांग कादियोनं पुरावा म्हणून पोटावर हात ठेवला. खूण झाली.

"आता फक्त उपस्थिती. वर्गाला सहा शिकाऊ लागतात." सर मोजू लागले. "एक, दोन, तीन, चार, पाच." पुन्हा मोजलं. "सहावा?"

"पाचच आले," सोलेदाद म्हणाली.

"पाठवले सहा होते. पाच म्हणजे वर्ग नाही, माम, पाच म्हणजे गप्पा. सहावा नसेल तर..." ते थांबले, आणि मघाशी टीप सांगणाऱ्याकडे वळले. "आपलं नाव काय म्हणालात?"

"मी नाही म्हणालो," दिंदो म्हणाला.

"दिंदो," मांग कादियोनं मदत केली. "दिंदो आल्कांतारा. वर जो ओरडतोय ना, तोच हा."

सरांनी यादीवरून बोट खाली नेलं. "आल्कांतारा, दिंदो. नोंदणी सात महिन्यांपूर्वीची. बुधवारी संध्याकाळी संदेश पाठवला. पोचल्याची नोंद आहे."

इपांगला पालथा मोबाइल आठवला. ती काउंटरच्या बाहेर आली. दिंदोचा अंगठा मोबाइलवर धावू लागला.

"इनाय, एक मिनिट, एकच. शिकाऊ आचाऱ्याला काय काय लागतं तेवढं बघतो. काहीतरी असणारच." त्यानं पान उघडलं. ते फार लहान होतं. त्यानं ते खाली ओढून बघितलं. खाली काही नव्हतं. 'आणखी वाचा'सुद्धा नव्हतं.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "सात महिने वाचतोयस."

"शिक्षण: अट नाही," त्यानं वाचलं. "अनुभव: अट नाही."

"आणि?"

"दिवसभर उभं राहता आलं पाहिजे."

"लिपा, लिपा, लिपा!" वरून कर्णा ओरडला. त्याच हाका देत दिंदो अकरा वर्षं उन्हात उभा राहिलेला होता, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचं बोट शेवटच्या चौकटीवर थांबलं होतं. दिंदोनं मोबाइल खिशात घातला, मग पुन्हा काढला, मग कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला.

आलिंग इपांगनं हात उचलला आणि गिऱ्हाईक काचेमागच्या पातेल्याकडे दाखवतं तसं सरळ त्याच्या छातीकडे बोट दाखवलं.

"दिंदो," ती म्हणाली, "सात महिने मी गावभर सांगत फिरले, माझा जावई आळशी आहे. चुकले मी. आळशी माणूस एवढं वाचत नाही. तू भित्रा आहेस. आळशाला माझ्याकडे औषध नव्हतं, भित्र्याला आहे. ती कांद्याची टोपली घे. रडू आलं तरी इथे कोणी का म्हणून विचारणार नाही."